उचललेली सुई

प्रिय धांदरटा,

हे नाव आज शेवटचं लिहवून घेतेय. का, ते पुढे कळेल. लिहिणारी तुझी पुतणी. अक्षर फार सुरेख आहे असं तिचंच म्हणणं. मला सगळ्या मुंग्याच दिसतात.

परवा हीच पोरगी बाबांसाठी एक एलपी, गाण्यांची मोठी तबकडी, घेऊन आली. तीच रे, पाकिटावर ढगातून वटारलेले डोळे, मागे पडद्याच्या कापडाचे शर्ट घातलेले चार झिपरे गोरे. ते विलायती सायकेडेलिक रॉक (शब्द पोरीचा, माझी जीभ इतकी वळत नाही) कंपनीने आता पुन्हा नव्याने काढलंय म्हणे. मी म्हटलं, बरं झालं, आपली तर आमच्या चिरंजीवांनी लहानपणीच बिघडवलीय. आठवतं ना, बाबांनी ती रविवारसाठी राखून ठेवलेली आणि तू आदल्या दिवशीच गुपचूप लावलीस. रविवारी गाणं एका ओळीवर अडकलं ते अडकलंच. बाबांनी बोटाने सुई उचलून पुढे ठेवली आणि तुला सांगितलं, धांदरटा, या हातांनी दुकानात दुरुस्तीला आलेल्या एकाही रेडिओला शिवायचं नाही. तेच नाव तुला चिकटलं. तू रडून रडून सांगत होतास, मी काही केलं नाही. पण कान त्यांचा, दुकान त्यांचं. दुकानात त्यांच्या कामाच्या बाकाशेजारच्या तुझ्या स्टुलावर खोकी चढली, आणि तू मोठा होऊन लांब कुठेतरी बस चालवायला लागलास. अजून फोन करतोस तो मलाच. तेव्हा बाबा शेजारी बसून पंखा दुरुस्त करायचं नाटक करतात, कान मात्र इकडे.

तर नवी तबकडी लागली. ती जागा आली तसं त्यांचं बोट नेहमीच्या सवयीने सुई उचलायला पुढे सरकलं. पोरगी ओरडली, आजोबा, नवी आहे, हात नका लावू! बोट हवेतच राहिलं. आणि गाणं अडकलं. कोऱ्या तबकडीवर, त्याच ओळीवर! माझ्या हातातला लसूण खाली पडला. ओळ फिरली, फिरली, मग आपली आपणच सुटली, घंटा वाजल्या आणि गाणं पुढे निघालं. त्या झिपऱ्यांनी ते मुद्दामच तसं केलेलं रे! बाबांनी लगेच जुनी काढली. लावली, आणि बोट मांडीखाली दाबून बसले. तीही सुटली. घंटांसकट.

नुसत्या खरखरीवरून सुटलेली तार ओळखणारा हा माणूस, पण इतक्या वर्षांत एकदाही थांबून ऐकलं नाही. म्हटलं, आता चांगली फिरकी घ्यावी. पण त्यांचा चेहरा बघितला आणि लसूण वेचायला वाकले.

तेव्हापासून ताटावर बसतात, घास चिवडतात, उठतात. काल दुकानात जाऊन तुझ्या स्टुलावरची खोकी उतरवली, स्टूल पुसलं. घरी येऊन मला म्हणाले, त्याला लिही. काय लिहू? तर म्हणाले, लिही, तबकडी चांगली होती. एवढंच. पुढचं ते तुझ्यासमोर बोलतील, नाहीतर नाहीच बोलणार. त्यांना ओळखतोस तू. पण नवी तबकडी पाकिटात घालून ठेवलीय. पुन्हा लावू देत नाहीत. म्हणतात, आता सुई त्यानेच ठेवायची. ये रे.

तुझीच,
अंगठाबहाद्दर आई