उष्टी रोटी

१८ एप्रिल
पोचले एकदाची! आक-बेल खिंडीखालची ही चौकी म्हणजे एक खोली, एक शेगडी आणि खिडकीभर डोंगर. घोडेवाला मला उतरवून असा पळाला, जणू मी त्यालाच खाणार होते. काम सोपं आहे. रोज सकाळी उतारावर जायचं, सळई खुपसून बर्फ मोजायचा, खड्डा खणून थर बघायचे आणि वायरलेसवरून खाली गावात कळवायचं. पंचवीस तारखेला माझी गुलझिना आठ पाहुण्यांना घेऊन खिंड ओलांडणार आहे. वाटाड्याचं काम बापाकडूनच शिकली पोरगी. यंदा बर्फ तपासणार तिची आई, मग बिशाद आहे कुणाची!

१९ एप्रिल
वरचा थर घट्ट, खालचा साखरेसारखा सुटा. दुपारच्या उन्हात बिघडणार. नोंद केली.

माझा दोलोत याच उतारावर गेला, नोव्हेंबरात, बर्फाखाली. सापडलाच नाही. निघताना त्याने रोटीचा एक घास दातांनी तोडला होता. उरलेली मी जपून ठेवली, परत येऊन संपवील म्हणून. रीतच आहे. चाळिसाव्या दिवसाच्या विधीला सासूबाई म्हणाल्या, पोरी, घाल ती पाखरांना, जाऊ दे त्याला. मी फाडकन म्हटलं, तुमचा मुलगा असेल, नवरा माझा आहे. असं बोलायला नको होतं. रोटी इथं आणलीय, खुंटीला टांगलीय.

२१ एप्रिल
रोटीचा दुसरा घास गेलाय. उंदीर म्हणावं, तर दातांच्या खुणांत मधोमध फट आहे. दोलोतच्या पुढच्या दातांत होती तशीच. मी हसले. मग रडले, पोट दुखेपर्यंत.

उतारावर आज सळई एका जागी सटकन आत गेली. खाली पोकळ.

२२ एप्रिल
तिसरा घास. पोकळी आज शंभर पावलं जवळ आलीय. बर्फाखालून बोगदा पडत चाललाय, खिंडीकडून चौकीकडे. कुणी नुसता पाय ठेवला तरी अख्खा उतार खाली येईल. खिंड बंद, असं कळवलं. गुलझिना चिडली. म्हणाली, आई, घाबरट झालीयस तू, आठ जण बूट बांधून बसलेत. मी म्हटलं, बसू देत, जिवंत बसलेत ना?

रोटी पाखरांना घालायला हवी, कळतंय मला. हातच उचलवत नाही. इतका जवळ आलाय तो.

२३ एप्रिल
निम्मी उरली. पायाखालून हाक आली, अगदी स्पष्ट. ए भांडखोर बाई, चहा टाक. वीस वर्षं असंच म्हणायचा. टाकला मी चहा. दोन वाट्या. खुदाया, दोन वाट्या भरल्या मी —

२४ एप्रिल
एकच घास राहिलाय. तो संपला की दारात येईल तो. त्याला म्हटलं, उद्या सकाळी खा तो आणि ये. एक दिवस जवळ बस, मग घालते पाखरांना. एकच दिवस. कुणाचं काय जातंय? खिंड तर बंद आहे.

२५ एप्रिल
वायरलेसवर गुलझिना. आनंदाने रडतेय. म्हणते, आई, आज बाबा बोलला तुझ्या चौकीवरून! का लपवलंस? म्हणाला, निघ पोरी, मी आहे. उतारावर पोचलेतसुद्धा. ओरडले मी, मागं फिर! ऐकतच नाही —

खिडकीतून दिसतायत. नऊ ठिपके.

पोरीला न्यायला बसलाय मेला. माझ्यामुळे. माझ्या एका दिवसापायी —

रोटी फेकली बाहेर. पाखरू येईना. या रे, खा रे बाबांनो —

आला कावळा. उचलली.

खालून तो बोलला. चिडला नाही. म्हणाला, काय केलंस हे, वेडे? उताराला खालून पाठ लावून उभा होतो गं, तो धरून, पोरगी पार होईस्तोवर. त्या उरल्या घासाचाच तर जोर होता मला —

सुटला उतार. गुलझिना, पळ, गुल