मोटार गंगाधरली

भोर, श्रावण वद्य पंचमी, शके १८६०

ती. उपेंद्रभाऊजींस, गंगाधरचा साष्टांग नमस्कार. शैलजाताईची धरलेली कंबर आता वाकते ना? इकडे सर्वांची प्रकृती उत्तम. फक्त माझे डोके फिरले आहे, आणि त्याला तुमचे शब्दशुद्धी मंडळ कारण आहे!

गेल्या चैत्रात मी तुमच्याच सभेला पुण्यास निघालो होतो. मोटारीत (शब्द नाइलाजाने वापरतो) कुंडलिक तिकिटे फाडत आला. मी बजावले, तिकीट घेणार नाही, 'प्रवासपट' दे. (शब्द माझा, तुम्हांस कळवलेला, तुम्ही उत्तर न दिलेला.) तो म्हणाला, "आधी पैसं द्या, मंग काय बी म्हणा." कापूरहोळला त्याने मला उतरायला सांगितले. मी दांडा धरून बसलो. तो 'प्रवासपट' म्हणेपर्यंत हलणार नाही! चालक झाडाखाली जाऊन झोपला, कुणाच्या पाटीतली मेथी सुकली, शिवऱ्याच्या लग्नाचे वऱ्हाड खोळंबले. अखेर त्या वऱ्हाडानेच मला उचलून खाली ठेवले. सभा बुडाली.

एवढ्यावर भागले असते. पण काल कामथडीच्या रस्त्यावर ठकुबाई नावाची एक म्हातारी मोटारीची वाट पाहत होती. मला म्हणते, "आज मोटार लई गंगाधरली बगा." मी उडालोच! म्हणजे काय, असे विचारले. "आडून बसली, दुसरं काय? म्हस गंगाधरती, पोरगं गंगाधरतं." मी माझे नाव सांगितले, तर तोंडाला पदर लावून म्हणाली, "आगं बाई! आईबापानं आसलं नाव कसं ठिवलं?"

भाऊजी, संताप संताप झाला! वर्षानुवर्षे डोके शिणवून घडवलेले माझे शब्द कुत्रेही हुंगत नाही. आणि या शब्दाला ना ठराव, ना समिती, तरी घाटापर्यंत पसरला! उद्या सौदामिनीसाठी स्थळ पाहताना बापाचे नाव कोणत्या तोंडाने सांगू? मंडळाने निषेध करून हा शब्द ताबडतोब बंद पाडावा. (माफ करा, रागाने लिहितो आहे. 'माफ'ही परकीयच!)

आपला,
गंगाधर

ता. क. निषेधाचे तूर्त राहू द्या. तुमच्या कोशात माझा एकही शब्द घेतलेला नाही. हा घेता येईल का? कर्त्याचे नाव निराळे द्यायला नको.

आणखी एक. अर्थ 'तत्त्वासाठी ठाम राहणे' असाच छापावा. त्याबाबत आमच्या घरात कुणाला विचारू नये. मगाशी हे पत्र पुरे झाल्याशिवाय मी पानावर बसेना, तेव्हा हिने तो शब्द शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल असा वापरला, आणि अर्थ सगळ्यांना कळला.