तुयाराची चूल

९ जुलै
चूल चौदा हजार वर्षांपूर्वीची! प्रयोगशाळेने कळवलं, उत्खनन मोहिमेचा प्रमुख प्रोकोपी याने जेवताना सगळ्यांना वाचून दाखवलं. सायबेरियातल्या या आल्दान नदीच्या काठावर इतकी जुनी चूल आम्हाला कधी सापडली नव्हती. सापडली ती नवख्या तुयाराला. पहिल्याच उन्हाळ्यात! मी इथे खणता खणता केस पिकवले. पुढच्या वर्षी निवृत्ती. एक तरी शोध माझ्या नावावर हवा होता — आणि माझा खड्डा तिच्या खड्ड्याला लागूनच!

१० जुलै
डास. पाऊस. माझ्या खड्ड्यात चिखल.

१२ जुलै
शोध लागला म्हणून रिवाजाप्रमाणे आगीला लोणी वाहताना तुयारा म्हणाली, "आनिस्याताई, तुमच्याच हाताखाली शिकले हो!" गोड बोलते सटवी. वर्तमानपत्राला बातमी मलाच लिहावी लागली. वेळेत पाठवली. तिचं नाव एकदा खोडलं — मग परत लिहिलं.

१५ जुलै
"बघू तरी" म्हणून तिच्या खड्ड्यात उतरले. कोळशाखाली काळी-पिवळी माती कालवलेली! कुणीतरी खणून परत भरलेली. चूल कसली? हिवाळ्यात घरातलं कुणी वारलं की आम्ही काय करतो? आधी आग पेटवून गोठलेली जमीन वितळवतो, मग खणतो, पुरतो, वर कोळसे लोटतो. बाबांच्या वेळी लाकडं मीच टाकली होती.

१६ जुलै
जेवताना बोलले. "ते पणजोबांच्या काळातलं थडगं आहे."
प्रोकोपीचा चमचा हवेतच. "अगं, पण कोळशाचं वय?"
"नदीने गोठलेल्या काठातून उकरून आणलेलं, हजारो वर्षांचं जुनाट लाकूड जाळलं असेल. राखेत जेवणातलं जळकं हाड आहे, ते आगीइतकंच जुनं असणार; ते तपासा."
तुयारा पांढरीफटक. "मला कसं दिसलं नाही?"
"तुझ्या घरचं अजून कुणी गेलं नाही, बाई."
बऱ्याच दिवसांनी मासा चवीने खाल्ला.

८ ऑगस्ट
हाडाचा निकाल अजून नाही. दुरुस्तीची बातमी लिहून तयार ठेवलीय. छान जमलीय!

२१ ऑगस्ट
हाडही चौदा हजार वर्षांचंच. प्रोकोपीने माझी पाठ थोपटली — "आनिस्या, बरोबर ओळखलंस! थडगंच. पण त्या काळातलं! चुली काय, सापडतात गं; इतकं जुनं थडगं कुठे सापडतं?" मग सगळे तुयाराला मिठ्या मारायला धावले. खड्डा तिचा ना! उद्या सकाळी ती थडगं उघडणार. बादली मी धरणार.