अकरा किलो वाळू

४ जून

चि. पक्कडीस आईचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं पार्सल काल दुपारी सुखरूप पोचलं. मोजून घेतलं ते असं: आखूड स्प्रिंगा चार, शॉक ॲब्सॉर्बर चार, रबरी बुशांची पिशवी एक, वाकडा पाना एक. किमतीचा आकडा तू कळवला नाहीस, म्हणून वहीत तेवढी जागा कोरी सोडली आहे. इथे हमालाचे चाळीस आणि खोका उघडताना बाबांनी मोडलेल्या माझ्या कात्रीचे साठ, असे शंभर लागले. खोका मी ठेवून घेतला आहे, कांद्यांना होईल.

निवृत्त फिटर आणि चाळीस वर्षांची गाडी एका दारात असली की दोघांनाही स्वस्थ बसवत नाही. शेजारी तिला साबणाची डबी म्हणत, आता आपणही डबीच म्हणतो. ती दीड इंच खाली बसवायची असं बाबा म्हणतात. मी विचारलं, आधीच रस्त्याला टेकल्यासारखी आहे, अजून खाली कशाला? तर म्हणाले की उंच गाडी वळणावर कलते, ती कलली की तुझ्या पोटात ढवळतं, आणि म्हणून तीन वर्षांत तू लेकीचं घर पाहिलं नाहीस. मी इतके दिवस समजत होते की हा यांचा नाद आहे.

मापात सूतभरही फरक नको, हे पालुपद सकाळपासून चालू आहे. आठ सुतांचा एक इंच, हे या घरात पाढ्यांच्या आधी शिकवतात, तुला सांगायला नको.

मी बरी आहे. अक्षर हललेलं दिसेल, टेबलाचा पाय डुगडुगतो. अंगठी सैल झाली म्हणून तिला दोरा गुंडाळला, तर बाबा म्हणाले, चला, सोनाराची मजुरी वाचवलीस. देवाच्या कृपेने बाकी सर्व ठीक. लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.

तुझी आई

११ जून

ती. आईस सा. न.

पत्र वाचून वर्कशॉपात एकटीच हसले. त्या टेबलालाही बाबांकडून शॉक ॲब्सॉर्बर बसवून घे. किंमत कळवणार नाही. तुझी वही एकदा तरी अपुरी राहू दे.

आता पुढचं बाबांना वाचून दाखव, नाहीतर ते पार्सलातला कागद न वाचताच पाना हातात घेतील. नव्या शॉक ॲब्सॉर्बरना आटे आहेत. त्यावरची चाकी फिरवली की तो कोपरा वर-खाली होतो. पण उंची रिकाम्या गाडीवर लावायची नाही. जी दोघं बसणार त्यांच्या वजनाइतकी वाळू त्यांच्या जागेवर ठेवायची, मग पट्टी लावून मापायचं. सांध्यांतल्या रबरी बुशांचे बोल्टही गाडी जॅकवर टांगलेली असताना शेवटचे आवळायचे नाहीत. चाकांवर, पूर्ण भाराने उभी राहिली की मगच. नाहीतर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

झालं की या. बाबांसाठी माझ्या हातच्या चहाची धमकी तयार आहे. माया अशीच राहू दे.

तुझी पक्कड

२४ जून

चि. पक्कड, आशीर्वाद.

मला लांब पत्र येत नाही, हे तू जाणतेस. हे आईला न दाखवता लिहितो आहे.

तुझ्या सांगण्याप्रमाणे वाळू भरली. माझे बहात्तर. आईला वजन विचारलं तर तिने वही उघडून वाचलं, छप्पन्न. तिच्या बाजूला छप्पन्न किलो ठेवून चारही कोपरे बरोबर लावले. दोन्ही बाजू सारख्या आल्या. मग म्हटलं, एकदा खरं माणूस बसवून बघू. तिच्या जागेची वाळू काढली आणि तिला बसवलं.

तिच्या बाजूने गाडी सूतभर वर राहिली.

मला वाटलं हात चुकला. सगळं सोडून पुन्हा लावलं. दोन दिवस गेले. वाळू ठेवली की बरोबर, ती बसली की सूतभर वर. तिसऱ्या दिवशी ती भाजीला गेल्यावर वाळू पुन्हा तिच्या जागी ठेवली आणि ती असताना आलेलं माप येईपर्यंत तांब्याने घमेल्यात काढत गेलो. उरलेली पिशवी तोलली. पंचेचाळीस.

घमेल्यात अकरा किलो वाळू होती. मी पायरीवर बसून त्या वाळूकडे बघत राहिलो. तुझी आई एवढी कमी झाली आणि एका घरात राहून मला पट्टी लावल्याशिवाय दिसलं नाही. चाळीस वर्षं फिटर म्हणून मिरवलो.

ती माझं ऐकायची नाही. तू लिही. बोल्ट अजून आवळलेले नाहीत.

बाबा

२८ जून

ती. आईस सा. न.

बाबांचं पत्र आलं. त्यांच्यावर रागावू नकोस, त्यांनी मला चोरून लिहिलं.

तुझं चार तारखेचं पत्र मी पुन्हा काढलं. अंगठीचा दोरा त्यात आहे. हललेलं अक्षर आहे. मी त्यावर विनोद केला. आई, टेबल डुगडुगत नाही ना गं?

तू पैपैचा हिशोब ठेवतेस आणि अकरा किलो कुठे लिहिले नाहीस. उद्याच डॉक्टरकडे जा. खर्चाचं नाव काढलंस तर त्या स्प्रिंगांची किंमत कळवीन, मग बस वहीशी भांडत.

तुझी पक्कड

९ जुलै

चि. पक्कडीस आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, एकदा बाबांसमोर आणि एकदा देवासमोर. बाबांसमोर रडू आलं नाही.

छप्पन्न हा आकडा गेल्या वर्षीच्या वाढदिवसाचा. औषधाच्या दुकानातल्या काट्यावर दरवर्षी चढते, तो वहीत आहे. यंदा काट्यावर चढले आणि उतरले, लिहिलं नाही. बाबांनी विचारलं तेव्हा खोटं बोलायचं नव्हतं म्हणून वहीतलं वाचून दाखवलं. देवाला हा फरक कळतो, हे मला वाचतानाच माहीत होतं. माझी आई अशीच वाळत गेली, ते मी पाहिलं आहे. म्हणून देवाकडे एवढंच मागितलं होतं, आधी लेकीचं घर बघू दे, मग आजाराचं काय ते नाव कळू दे. डॉक्टरकडे गेले असते तर यांनी पाना खाली ठेवला असता.

गेले डॉक्टरकडे. रक्त तपासलं, गळा दाबून पाहिला. गळ्यातली ग्रंथी गरजेपेक्षा जास्त राबते आहे, म्हणून भूक लागते, हात कापतात आणि अंग भरत नाही, असं म्हणाले. मी म्हटलं, माझ्या अंगात राहून ती तरी कशी बसून राहील? तेही हसले. बहुधा औषधाने ताळ्यावर येईल, पण एक लहान गाठ लागते आहे, ती लेकीच्या गावच्या मोठ्या दवाखान्यात दाखवा म्हणाले. ती गाठ कसली, ते मी विचारलं नाही. तुला मात्र लपवत नाही.

बाबांना म्हटलं, आता मी पंचेचाळीसची आहे, तर चाकी फिरवून माझी बाजू खाली घ्या. ऐकले नाहीत. गाडी छप्पन्नाला लावली आहे आणि छप्पन्नालाच राहील म्हणाले. अकरा किलोची पिशवी शिवून माझ्या पायाशी ठेवली, मला तिथे बसवलं, स्वतःच्या जागी त्यांची वाळू ठेवली आणि तशा भाराने सगळे बोल्ट आवळले. आता मी भरत जाईन तशी तांब्या तांब्याने वाळू काढायची असा बेत आहे. वहीत त्यासाठी वेगळं पान आखलं आहे. वर अकरा लिहिलं आहे, खाली सगळं कोरं.

काल वळणांच्या रस्त्यावर थोडं फिरवून आणलं. पोटात ढवळलं नाही. पिशवी पायाला टेकून होती.

तर आम्ही दोघं आणि वाळू येणार. दवाखान्यातली तारीख घे आणि उलट टपाली कळव.

तुझी आई