धा मिन्टाचं काम

मंगळ. ३ फेब्रु.

डावीकडची गाठ आज दाखवून आलो. तपासलं मला, आत बोलावलं ह्यांना. मी बाहेर बाकावर, पर्स मांडीवर धरून. काचेच्या दारातून दोघांचे ओठ हलताना दिसत होते. डॉक्टरांनी टेबलावर बोटानं काहीतरी गोल काढून दाखवलं. गोल केवढा होता ते मला दिसलं नाही.

बाहेर आल्यावर विचारलं, काय म्हणाले?

"काय न्हाय. किरकोळ हाय. सुई मारायची, गाठ काढायची. धा मिन्टाचं काम. सकाळी जायचं, सांजच्याला घरात."

मग आत एवढा वेळ काय चाललं होतं?

"त्येंची सासुरवाडी नेसरीकडली निघाली. पावणंच निघालं की आपलं."

छाती माझी आणि गप्पा पावण्यांच्या.

बुध. ४ फेब्रु.

एसटी स्टँडवर ड्यूटी. नेसरी गाडी निपाणीच्या अलीकडं बंद पडलेली. चौकशीच्या खिडकीपुढं झुंबड. शेजारच्या खुर्चीतला पाटील नेहमीसारखा "येईल की, येईल की" करत होता आणि लोक जास्तच तापत होते. शेवटी मी माईक घेतला. गाडी बंद पडली आहे, दुसरी सोडली आहे, तास तरी लागेल, चहा घेऊन या. दोन-चार शिव्या आल्या, पण माणसं पांगली. इतकी वर्षं या खिडकीत काढून मला एवढं कळलं आहे, की माणूस उशिरानं चिडत नाही. काय चाललं आहे ते कुणी सांगत नाही म्हणून चिडतो.

घरात मात्र माझ्या वाट्याला पाटीलच.

शुक्र. ६ फेब्रु.

सोमवार ठरला. ह्यांनी ठरवला, मला कळवला.

संध्याकाळी सचिनचा पुण्याहून फोन. "आई, टेन्शन घेऊ नको."
कशाचं घेऊ नको ते तरी सांग.
"तसं काही नाही गं. बाबा आहेत ना."
म्हणजे यालाही सांगितलं आहे. पोटचा पोरगा, तोही बापाच्या पार्टीत.

मोबाइलवर शोधायला गेले. पहिलाच फोटो बघून मोबाइल पालथा ठेवला. भात करपला.

इथं लिहिते, कारण बोलायला कुणी नाही. मरणाची भीती नाही वाटत. भीती ही, की भूल उतरल्यावर हात लावून बघेन आणि तिथं काही नसेल. गाठ काढणार की सगळंच काढणार? मला एवढंच हवं आहे. ह्यांना विचारलं. म्हणाले, "डॉक्टरला कळतंय की." डॉक्टरला कळतंय, ह्यांना कळतंय, सचिनला कळतंय. गल्लीत विचारलं तर तिथंही कुणाला तरी कळत असेल.

रवि. ८ फेब्रु.

वन्सं आल्या नेसरीहून. सोबत घनसाळ तांदळाची पिशवी, काजू, गावठी तूप. माझ्या बाळंतपणालासुद्धा या बाईनं एवढं आणलं नव्हतं. किरकोळ असतं तर घनसाळ कशाला?

दुपारी स्वयंपाकघरात बहीणभाऊ कुजबुजत होते. मी गेले तशी वन्संनी पातेलं घासायला घेतलं. घासलेलंच पातेलं.

"शोभा, तू पड जा जरा. मी हाय न्हवं."

पडले. पंख्याकडं बघत. राग येतो आणि तो कुणावर काढावा कळत नाही, सगळेच माझ्यावर माया करत आहेत.

जेवताना हे म्हणाले, "आज जरा हलकं खा." एवढंच. मी हलकं खाल्लं.

सोम. ९ फेब्रु.

झालं नाही. परत आलो. सगळं लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी निघताना वन्संनी उंबऱ्यात थांबवलं आणि हातावर दही-साखर घातली. एकदा घातली, मग "आणिक एक घे गं, बाई" म्हणून पुन्हा. वर अर्धा कप चहा. हे रिक्षा बघायला गेले होते, त्यांना दिसलं नाही.

दवाखान्यात हिरवा झगा दिला. नाड्या पाठीकडं. मी पलंगावर, हे आणि वन्सं बाहेर. मग भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या. सचिनच्याच वयाच्या असतील. त्यांनी ह्यांना हाक मारली नाही, माझ्याकडं बघून विचारलं, "काकू, सकाळपासून काय खाल्लंत, काय प्यायलात?"

आठवडाभरात पहिल्यांदा कुणीतरी मला काही विचारत होतं. खरं ते सांगितलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "पाणीसुद्धा घ्यायचं नव्हतं, काकू. कुणी सांगितलं नाही?"

ऑपरेशन रद्द. गुरुवारी या. मोठे डॉक्टर बाहेर जाऊन ह्यांना म्हणाले, तुम्हाला बजावून सांगितलं होतं. हे बुटांकडं बघत उभे. डॉक्टर गेल्यावर माझ्याकडं वळले.

"तू कशाला सांगत बसलीस गं? चमचाभर दह्यानं काय हुतंय?"

वन्संना तिथंच रडू फुटलं. "चांगल्या कामाला जाताना हातावर दही घालू नगं व्हय?" त्यांची काय चूक? त्यांनाही अर्धंच सांगितलेलं. पाणी बंद म्हटलं असतं तर मी कारण विचारलं असतं. कारण पूर्ण भूल. आणि पूर्ण भूल म्हटली की धा मिन्टाचं काम कुठलं. म्हणून ते नुसतं "हलकं खा". एक लपवायला दुसरं लपवलं आणि सगळ्यांचं खरकटं माझ्या तोंडाला.

त्या भुलीच्या मॅडम मात्र परत आल्या. मी साडी नेसून बसले होते. स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, गुरुवारी काय होईल ते सांगते, नको वाटलं तर थांबवा. मी म्हटलं, थांबवत नाही, तुम्ही सांगा.

पोट का रिकामं लागतं: भुलीत अन्न वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं, त्यात जीवही जातो. आतली खोली गार असते, कुडकुडायला होईल. हाताच्या शिरेत सुई, ती दुखेल. तोंडावर मास्क, त्याला प्लॅस्टिकचा वास. मग काही कळणार नाही. जागी झाल्यावर घसा खवखवेल, मळमळेल, थरथरायला होईल, ते सगळं नेहमीचं असतं, घाबरायचं नाही.

मग मी विचारलं. सगळं काढणार का?

त्यांनी केसपेपर बघितला. "नाही काकू. फक्त गाठ. ती तपासायला जाणार. पुढचं रिपोर्ट आल्यावर. ते मला माहीत नाही, म्हणून सांगत नाही."

फक्त गाठ. आठवडाभर डोळ्याला डोळा नाही आणि औषध दोन शब्दांचं. रिक्षात रडले. वन्संना वाटलं रद्द झालं म्हणून.

मंगळ. १० फेब्रु.

ह्यांच्याशी भांडले. वन्सं देवळात गेल्या होत्या, तेवढ्यात उरकून घेतलं. पूर्ण भूल, गाठ तपासायला पाठवणार, हे सगळं माहीत होतं की नाही?

"हुतं."

मग?

"तुला भ्या वाटंल म्हणून."

आणि आता काय वाटतंय असं वाटतं तुम्हाला?

मग त्यांच्या आईचं काढलं. तेव्हाच्या डॉक्टरनं आईला रोग तोंडावर सांगितला, तवा तिनं अन्नच सोडलं. "रोगानं न्हाय, सांगितल्यानं गेली ती." मला आठवतात सासूबाई. शेवटी पाणीसुद्धा उतरत नव्हतं, अन्न कुठलं जाणार. पण हे मूल होऊन बोलत होते, मी वाद घातला नाही. राग मात्र गेला नाही. त्यांच्या आईचं भय माझ्या छातीवर कशाला?

एक कबूल करून घेतलं, रिपोर्ट मी घेणार.
"बरं," म्हणाले. फार चटकन म्हणाले.

गुरु. १२ फेब्रु.

संध्याकाळी, घरी. हात जड आहे, थोडंच.

सांगितलं तसंच झालं. गारठा, सुई, प्लॅस्टिकचा वास. एकेक गोष्ट आली आणि मी मनात म्हणत होते, ही सांगितली होती. जागी होऊन थरथरले, तेही ओळखीचं. पहिला हात पट्टीवर. आहे. जागेवर आहे.

आत जाण्याआधी शेजारच्या पलंगावर कागलकडची एक बाई होती, हर्नियाची. माझं मनगट धरून म्हणाली, "काय करत्यात हो आत?" मी सगळं सांगितलं, गार खोलीपासून घशापर्यंत, माईकवर सांगते तसं सुटं सुटं. तिची पकड सैल झाली. "मग एवढंच व्हय," म्हणाली.

तिचा पोरगा धावत आला. "मावशी, कशाला सांगालाय तिला? घाबरंल की ती."

घरोघरी ह्येच.

निघताना काउंटरवरची मुलगी म्हणाली, रिपोर्टसाठी नातेवाइकांचा नंबर द्या. मी माझा दिला. तिनं ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी खिडकीबाहेर.

सोम. १६ फेब्रु.

वन्सं गेल्या. जाताना दही नाही, नुसता हात फिरवला तोंडावरून. म्हणाल्या, "मला तरी कुठं धड ठावं हुतं, शोभा." खरं असावं.

पट्टी खाजते. ड्यूटीवर गेले. पाटील विचारतो, कसलं ऑपरेशन? म्हटलं, गाठ काढली छातीतली, तपासायला गेली आहे. तो इकडंतिकडं बघायला लागला. "वैनी, असं उघड बोलू नये." नऊवारीतल्या दोन बायका आजरा गाडी विचारायला आल्या, त्यांनी सुटका केली त्याची.

फोन नाही.

शुक्र. २० फेब्रु.

खिडकीत असतानाच फोन आला. दवाखाना. काउंटरवरचीच मुलगी.

"रिपोर्ट आलाय. सरांना बोलायचंय. उद्या अकरा वाजता घरातल्या कुणाला तरी पाठवून द्या."

मीच घरातली.

"नाही मॅडम, म्हणजे मिस्टर वगैरे. तुम्ही नाही आलात तरी चालेल."

पुढं गडहिंग्लजला जाणारा म्हातारा काचेवर बोटं वाजवत होता. मी तिला म्हटलं, मी येते, आणि सरांना सांगा माझ्याशीच बोला. ती "हो" म्हणाली, पण आवाज पडला होता. चांगलं असतं तर फोनवरच सांगितलं असतं का? की सगळ्यांनाच असं बोलावतात? तेही विचारायला हवं होतं. विचारलं नाही. म्हाताऱ्याला गाडीची वेळ सांगितली, बरोबर सांगितली.

उद्याची रजा टाकली.

घरी आले तर हे लवकर आलेले, फाउंड्रीतल्या कामावरून. भाकरी करून वाढली. जेवताना खाली बघून विचारलं, "दवाखान्यातनं फोन आलता?"

आलता, म्हटलं. उद्या बोलावलंय.

"काय म्हणालं?"

तोंडातून असं सहज गेलं, विचारसुद्धा करावा लागला नाही.

"काय न्हाय. किरकोळ हाय."

घास हातातच राहिला त्यांचा. भिंतीला लावलेल्या आईच्या फोटोकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मी येऊ?" एवढंच म्हणाले. त्यांचा चेहरा बघवेना. मी त्यांना आमटी वाढली.