फॉरमॅट नाही म्हणजे नाही

केळापूर, डिसेंबर २००८, संध्याकाळ

शिकायचं म्हणून विंडोजशेजारी लिनक्स मीच टाकलं होतं. आज मीच काढलं, आणि कॉम्प्युटर सुरूच होईना. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ, बस.

ज्यांच्याकडून मशीन घेतलं त्या प्रमोदभाऊंना फोन केला.

"फॉरमॅट मारून टाका मॅडम."

"आत आत्याची गाणी आहेत."

"मंग पुन्हा भरून घ्या ना! त्यात काय?"

पुन्हा कुठून? आत्याला ती कोलामी गाणी कापूस वेचतानाच सुचतात, घरी बसून आठवत नाहीत. दोन वर्षांपूर्वी रेकॉर्डर घेऊन शेतात तिच्यामागे तासातासानं, ओळीओळीनं फिरले होते. यंदा लाल्या रोगानं पऱ्हाटी गेली, वेचायला कापूसच नाही. आणि मी दुसरी प्रत काहून काढून ठेवली नाही? मूर्खपणा माझाच.

पण फॉरमॅट नाही. विंडोजची सीडी घातली, दुरुस्तीचा पर्याय निवडला, पुस्तकात पाहून आज्ञा टाइप केली. मशीननं बजावलं, डिस्कवरचं सगळं हाती लागेनासं होऊ शकतं, तरी करू का? बोट थांबलं.

मागं उभी आत्या म्हणाली, "भेऊन राह्यली काय वं? दाब!"

दाबलं. विंडोज उघडलं. गाणी जागच्या जागी!

पहिलं गाणं लावलं तेवढ्यात प्रमोदभाऊंचा फोन. "मारलं का फॉरमॅट?"

मी फोन स्पीकरसमोर धरला. "ऐका," म्हटलं.

ऐकत राहिले बिचारे. आता आधी दोन सीड्या भरते, मगच जेवते.