दहा हजार वर्षांची घसरगुंडी

शेखरदाजींना मोशीहून धाकट्या मेव्हण्याचा वाकून रामराम.

तुमचा गुडघा ताळ्यावर आला असेल, अशी आशा आहे. ताईचा बीपी तुमच्याशी बोलण्याआधीच मोजत जावा (नंतरचा आकडा खरा नसतो). आमी समदे खुशाल.

आपल्या मळ्याखालची इंद्रायणीची दरड तुम्हाला ठाऊक आहेच. हजारो वर्षांचे पूर आणि दुष्काळ तिच्यात थरावर थर साठलेत, म्हणून ती संरक्षित झाली. तरी तिच्यावरूनच रस्ता न्यायचं घाटत होतं. परवा साहेबलोक पाहणीला आले. दरडीची बाजू मांडायला दापोडीच्या दीक्षा मॅडम होत्या, भूगर्भशास्त्रातल्या डॉक्टर (औषध देत नाहीत, आमच्या विमलनं कंबर दाखवून पाहिली). मळ्याचा मालक म्हणून मीही पांढरीशुभ्र पँट घालून हजर.

घोटाळा असा, की गाळानं आणि घाणेरीच्या झुडपांनी दरड पार झाकलेली. मोठे साहेब म्हणाले, इथं तर नुसता चिखल दिसतोय, सही करून मोकळे होऊ. मॅडमचा चेहरा उतरला. मला राहवलं न्हाई. वरून थर दाखवावेत म्हणून काठावर गेलो, हात लांब केला आणि काठ माझ्यासकट निघाला. दाजी, दहा हजार वर्षं मी बुडावर उतरलो. मधे एक बाभूळ धरली, तर तीही सोबत आली. खाली पोचलो तेव्हा वर सगळे वाकून उभे. मला वाटलं, माझ्या काळजीनं. पण ते माझ्यामागची दरड बघत होते. मी खरवडत आलो तिथं काळी माती, चुनखडीचे पांढरे खडे, खाली शिंपल्यांचा पट्टा, सगळं लख्ख उघडं पडलेलं.

मॅडम वरून म्हणाल्या, "रंगरावभाऊ, हलू नका. तुमच्या डोक्यावर दुष्काळ आहे आणि बुडाखाली पूर."

साहेब खाली आले (पायवाटेनं), शिंपला हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "रस्ता पलीकडून नेऊ." मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. मी चिखलात बसूनच टाळ्या वाजवल्या. पँटवर सगळे थर उमटले म्हणून मॅडमनी ती नमुना म्हणून पिशवीत घातली. मी शेजाऱ्याच्या लुंगीवर घरी आलो.

ताईला नमस्कार.

आपला,
रंगराव

ता. क. मॅडमनी पँट परत केली. थर एकमेकांत मिसळलेत, शास्त्राला उपयोग न्हाई. विमलच्या साबणालाही दाद देत नाहीत.

आणखी ता. क. शनिवारी गावात माझा सत्कार आहे. लोकांना पँटच बघायचीय, म्हणून तीच घालणार. ती तुम्ही दिवाळीत इथं विसरलेली सफारीची पँट. वरचा सदरा तेवढा पाठवून द्या. आता एकटा तो तुमच्या काय कामाचा?